चाळिशीनंतर शिक्षक होता येत नाही, हे कितपत खरे?

"चाळिशी उलटली की बी.एड. करता येत नाही आणि शिक्षक पात्रता परीक्षाही देता येत नाही," असा निरोप इंदूरच्या मराठी कुटुंबांत वर्षानुवर्षे फिरत असतो. त्यात थोडे तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो; मात्र त्यात तीन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

बी.एड. हा अभ्यासक्रम २ वर्षांचा असून त्याच्या राष्ट्रीय निकषांत गुणांची अट आहे, कमाल वयाची नाही. केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेचेही तसेच आहे. आमच्या एका आत्यांनी ४६व्या वर्षी तिचा अर्ज भरताना जन्मतारखेच्या रकान्यापाशी श्वास रोखून धरला होता. अर्ज सरळ पुढे सरकला. या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र पूर्वी ७ वर्षेच ग्राह्य असे, परंतु २०२१ साली ते आजीवन करण्यात आले आणि २०११पासूनच्या प्रमाणपत्रांनाही ती सवलत मिळाली. जुने प्रमाणपत्र रद्दीत घालण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

वयाची अट खरोखर आडवी येते ती सरकारी भरतीत, आणि तीही राज्य, पद व प्रवर्ग यांनुसार बदलते. त्यामुळे मूळ जाहिरात उघडून 'अधिकतम आयु' ही ओळ शोधावी, वय कोणत्या तारखेस मोजले जाणार आहे ते पाहावे आणि महिला व आरक्षित प्रवर्गांसाठीच्या सवलतींचा परिच्छेद शेवटपर्यंत वाचावा. खासगी शाळेत अर्ज करायचा असेल, तर वयाविषयी त्या शाळेलाच विचारावे.