छोटा डबा, मोठं कार्ड: कॉम्पॅक्ट गेमिंग पीसी सोलापूरच्या उन्हाळ्यापर्यंत कसा पोचला

छोट्या पीसीची कल्पना गेम खेळणाऱ्यांच्या डोक्यातून आलेलीच नाही. २००१ मध्ये तैवानच्या व्हीआयए कंपनीने १७० बाय १७० मिलिमीटरचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड मांडला, तो कमी विजेवर चालणाऱ्या आणि तितक्याच सावकाश चालणाऱ्या स्वतःच्या प्रोसेसरसाठी. दुकानातलं बिलिंग, टीव्हीखाली ठेवायचा संगणक, असली कामं त्याने करावीत एवढीच अपेक्षा होती. सुरुवातीच्या या बोर्डांवर कार्ड खोचायला एक साधा पीसीआय स्लॉट असे, आणि काही तर पंख्याशिवाय चालत. आज याच मापाच्या बोर्डावर पोरं साडेचारशे वॉट खाणारं ग्राफिक कार्ड बसवतात. पुढच्या सगळ्या कटकटींचं मूळ तिथे आहे.

त्याआधीचं माप एटीएक्सचं. इंटेलने ते १९९५ मध्ये आणलं: ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा बोर्ड आणि त्यावर सात कार्डांपर्यंत जागा. तेव्हा ते योग्यच होतं, कारण साउंड, मोडेम, नेटवर्क, सगळ्यांची कार्डं वेगवेगळी लागत. पुढे ही कामं एकेक करून मदरबोर्डाने पोटात घेतली. १९९७ मध्ये २४४ मिलिमीटर चौरस मायक्रो-एटीएक्स आला, छोट्या डब्यांसाठी एसएफएक्स हा एसएमपीएसही (वीज पुरवणारा भाग) त्याच वर्षीचा. काही वर्षांत बहुतेकांच्या मशिनमध्ये ग्राफिक कार्ड तेवढं उरलं. कॅबिनेट मात्र सात कार्डांचंच राहिलं. आत निम्मी हवा.

त्या हवेची तेव्हा कुणाला अडचण नव्हती. सोलापुरात २००५ च्या आसपास असेंबल्ड पीसी म्हणजे टेबलाखालचं उभं टॉवर कॅबिनेट आणि शेजारी ६०० व्हीएचा यूपीएस. भारनियमनाच्या त्या वर्षांत आधी यूपीएस ठरे, मग बाकीचे पार्ट. सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्याला कॅबिनेट केवढं आहे याच्याशी काही देणंघेणं नसायचं.

तिकडे तैवानच्याच शटल कंपनीने २००१ पासून एक्सपीसी नावाचे बुटके चौकोनी डबे विकायला काढले होते. पुढच्याच वर्षी त्यात एजीपी स्लॉट आला आणि खरं ग्राफिक कार्ड बसू लागलं. घडण उत्तम होती. पण बोर्ड कंपनीच्याच आकाराचा, एसएमपीएसही कंपनीचाच, तोही दोनशे-अडीचशे वॉटचा. प्रोसेसरचं सॉकेट बदललं की बहुधा सगळा डबाच बदलायचा. सुटे पार्ट बदलून मशिन वर्षानुवर्षं चालवायची आपल्याकडची सवय त्यात बसणं शक्यच नव्हतं.

२००८-०९ च्या सुमारास झोटॅकसारख्या कंपन्यांनी मिनी-आयटीएक्स बोर्डावर नवी ग्राफिक कार्डं लागतात तो पूर्ण लांबीचा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट दिला, तेव्हा चित्र पालटलं. बिलिंगच्या मशिनसाठी आखलेलं माप गेमरच्या हातात आलं. आता अडत होतं ते कॅबिनेटपाशी. मोठ्या कंपन्यांना या गिऱ्हाइकात फारसा रस नव्हता, म्हणून गिऱ्हाइकांनीच ते करून घेतलं. हौशी लोकांच्या चर्चेतून एनकेस एम१ हा डबा उभा राहिला, २०१३ मध्ये इंडीगोगो या लोकांकडून पैसे उभारायच्या वेबसाइटवर आगाऊ पैसे गोळा झाले आणि कॅबिनेट बनवणाऱ्या लियान लीने तो बनवला. आकारमान १२.६ लिटर. कॅबिनेट लिटरमध्ये मोजायची रीत याच लोकांनी रुजवली. २०१६ मध्ये डॅन ए४ आला: ७.२ लिटर, म्हणजे घरात पाण्याचा २० लिटरचा जार असतो त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त, आणि तरीही आत पूर्ण लांबीचं कार्ड. युक्ती अशी की कार्ड बोर्डावर उभं न खोचता बोर्डाच्या पाठीमागे ठेवायचं आणि रायझर केबलने (स्लॉट लांब नेणाऱ्या पट्टीने) जोडायचं. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली खरी कल्पक गोष्ट ही एकच. तिचाही त्रास पुढे निघाला. २०१९ मध्ये पीसीआय एक्सप्रेस ४.० आलं, जुन्या रायझरांना तो वेग झेपेना, आणि बायोसमध्ये (मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन हाताने जुना जेन ३ चा वेग लावून ठेवणं आलं.

डबा असा आवळत गेला आणि त्याच काळात कार्ड उलट्या दिशेने वाढलं. एनव्हिडियाचं २०१६ चं जीटीएक्स १०८० हे १८० वॉटचं, २६७ मिलिमीटर लांब, दोन स्लॉटची जागा खाणारं. २०२० चं आरटीएक्स ३०९० हे ३५० वॉट, ३१३ मिलिमीटर, तीन स्लॉट. २०२२ चं ४०९० थेट ४५० वॉटवर गेलं. मध्ये एकदा उलटा प्रयत्नही झाला होता. एनव्हिडियाची प्रतिस्पर्धी एएमडीने २०१५ मध्ये आर९ नॅनो काढलं: मेमरी चिपच्या शेजारीच रचून कार्डाची लांबी १५२ मिलिमीटरवर आणली, वीज १७५ वॉट. कार्ड महाग होतं, आणि ती वाट पुढे फारशी कुणी धरली नाही.

आकड्यांइतकाच मोठा बदल पंख्यांत झाला, आणि त्याबद्दल बोललं कमी जातं. १०८० च्या एनव्हिडियाच्या स्वतःच्या कार्डावर ब्लोअर होता. तो गरम हवा मागच्या जाळीतून सरळ कॅबिनेटबाहेर फेकायचा. आवाज करायचा, पण डब्याच्या आत उष्णता साठू देत नसे. २०१८ च्या आरटीएक्स २० मालिकेपासून कंपनीने गेमिंग कार्डांवर दोन उघडे पंखे दिले. कार्ड शांत झालं, पण बरीच गरम हवा आता कॅबिनेटमध्येच राहू लागली. टॉवरमध्ये ते खपतं. दहा लिटरच्या डब्यात नाही. म्हणून नव्या छोट्या कॅबिनेटांच्या बाजू जाळीच्या असतात आणि कार्डाचे पंखे थेट जाळीला भिडवलेले असतात.

४०९० वर सोळा पिनांचा नवा पॉवर कनेक्टर होता आणि काही ठिकाणी तो वितळला. बऱ्याच प्रकरणांत तो पूर्ण आत बसलेला नव्हता. केबल कनेक्टरपासून साडेतीन सेंटिमीटर तरी सरळ ठेवा, मग वळवा, असा सल्ला तेव्हा दिला गेला. छोट्या डब्यात बाजूचं झाकण नेमकं त्याच जागी केबलवर दाबतं. शेवटी २०२४ मध्ये एनव्हिडियानेच छोट्या कॅबिनेटसाठी कार्डाची मापं जाहीर केली: लांबी ३०४, केबलच्या वळणासकट उंची १५१, जाडी ५० मिलिमीटर. पुढच्या जानेवारीत आलेलं आरटीएक्स ५०९० चं कंपनीचं स्वतःचं कार्ड दोनच स्लॉटचं निघालं. वीज मात्र ५७५ वॉट.

माप लहान झालं, उष्णता उलट वाढली. सोलापूरकराचा प्रश्न इथे सुरू होतो.

परदेशी चाचण्या बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. पंखा हवा थंड करत नाही, खोलीतलीच हवा कार्डावर फिरवतो. त्यामुळे २२ अंशांच्या खोलीत ६५ वर थांबणारं कार्ड ३८ अंशांच्या खोलीत ८१ च्या आसपास जाणार, आणि ८३ च्या जवळ एनव्हिडियाची बरीच कार्डं आपला वेग आवरायला लागतात. मे महिन्यात बाहेर ४२-४३ असताना पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत ३८ ही काही विशेष गोष्ट नाही. आपली हवा कोरडी, म्हणून साधा कूलरही खोली बऱ्यापैकी उतरवतो. फक्त त्याचा झोत थेट जाळीच्या कॅबिनेटवर घेऊ नये, पाण्यातले क्षार आत जातात.

शहराच्या पूर्व भागात आणखी एक भर. टॉवेल-चादरींचे यंत्रमाग घराला लागूनच असले की कापसाचे बारीक तंतू हवेत असतातच. साधी धूळ फुंकरीने निघते, हे तंतू जाळीवर पापुद्र्यासारखे बसतात. ज्या जाळीच्या भरवशावर सात लिटरचा डबा श्वास घेतो, तीच आधी बंद होते.

एवढं असूनही इथे छोट्या डब्याला मागणी आहे, आणि तिचं कारण टेबलावरची जागा नाही. बारावी किंवा इंजिनिअरिंग झालं की पोरं पुण्याला जातात. कॉट बेसिसवरच्या खोलीत टॉवर ठेवायला जागा नसते, पण बारा लिटरचं मशिन पाठीवरच्या बॅगेत घालून हुतात्मा एक्स्प्रेसने नेता येतं. लॅपटॉपला हा मुलगा तयार होत नाही, कारण त्यात उद्या कार्ड बदलता येत नाही. पार्ट मात्र नवी पेठेत शोधून भागत नाही. एसएफएक्स एसएमपीएस आणि मिनी-आयटीएक्स बोर्ड पुण्याहून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवायचे. आयटीएक्स बोर्ड तशाच मायक्रो-एटीएक्सपेक्षा महाग पडतो हे घरच्यांना पटवणं वेगळंच. यूपीएसही बदलावा लागतो: जुना ६०० व्हीएचा साधारण ३६० वॉट देतो, म्हणजे ४०९० एकट्यालाही पुरत नाही.

म्हणून माझं मत, सोलापुरात वापरायचं असेल तर २०० ते २५० वॉटचं कार्ड आणि बारा ते अठरा लिटरचा डबा. २०२३ चं आरटीएक्स ४०७० याच हिशोबात बसतं: २०० वॉट, २४४ मिलिमीटर, दोन स्लॉट. ज्याने हट्टाने मोठं कार्ड घेतलंच आहे त्याने दोन प्रोफाइल करून ठेवावीत. होळीनंतर पॉवर लिमिट (कार्डाने खायच्या विजेची मर्यादा) सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांवर आणायची, फ्रेम थोड्याच कमी होतात, उष्णता बरीच उतरते. मृगाचा पाऊस पडला की परत शंभरवर.