माळवदाच्या घरातल्या बाटल्या

मराठवाड्यात जुनी बाटली उकिरड्यात सापडत नाही, घरात सापडते. माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या वाड्यातला कोनाडा, धान्य साठवायचं बळद, नाहीतर देवघराशेजारचं फडताळ, अशा जागी ती असते. इंग्लंडात जुन्या बाटल्या जमवण्याच्या छंदाला जोर आला तो १९ व्या शतकातले कचऱ्याचे खड्डे उकरून. आपल्याकडे असे खड्डे शोधण्यात फारसा अर्थ नाही, कारण बाटली कुणी टाकतच नव्हतं. औषध संपलं की तिच्यात करडीचं तेल यायचं, तेलानंतर रॉकेल, आणि शेवटी बुचाला भोक पाडून वात घातली की तिची चिमणी व्हायची. माझ्या आजीच्या घरी निळसर काचेची अशी एक शिशी होती. तिच्या गळ्यावरची काजळी कुणी कधी पुसली नाही, आणि मला ती काजळी काचेइतकीच मोलाची वाटते.

काचेशी या भागाची ओळख मात्र फार जुनी. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात काचेचे मणी पाहायला मिळतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत कच्ची काच आहे, आणि त्याच बंदराकडे माल धाडणारी गावं म्हणून पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, यांची नावं आहेत. पण मणी वेगळे आणि रोजच्या वापरातली बाटली वेगळी. अत्तराच्या कुप्या सोडल्या तर साठवणीचं काम मातीची भांडी, चामड्याच्या बुदल्या आणि तांब्या-पितळेवरच भागत असे.

बाटली इथे आली ती छावणीबरोबर. निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची ठाणी औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथे होती. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश भारतीय सैन्यात विलीन झाली. गोरे अधिकारी असत तिथे बिअर, सोडा, औषधं आणि शाईच्या बाटल्या जात. १९०० च्या सुमारास मनमाड-औरंगाबाद-जालना-परभणी-नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारी रेल्वे सुरू झाली आणि १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली. मोंढ्याच्या गावांत बाटलीबंद माल येऊ लागला तो त्यानंतर. म्हणून जुनी बाटली हाती आली की ती कोणत्या गावची हे मी आधी विचारतो. छावणीचं गाव, स्टेशनचं गाव की आडवळणाचं, एवढं कळलं तरी अर्धी ओळख पटते.

सगळ्यांच्या आवडीची बाटली म्हणजे गोटी सोड्याची. लंडनच्या हायरम कॉड यांनी १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं पेटंट घेतलं. बाटली उलटी धरून भरायची. मग आतल्या वायूच्या दाबाने गोटी तोंडातल्या रबरी कड्यावर घट्ट बसते. बाटली उघडताना गोटी अंगठ्याने आत ढकलायची. गळ्याला दोन्ही बाजूंनी चिमटे असतात, त्यांत ती अडकून राहते आणि ओतताना तोंडाशी येत नाही. पोरांनी गोट्यांसाठी किती बाटल्या फोडल्या असतील, याला हिशेब नाही. तिच्याआधीची हॅमिल्टन बाटली तळाला निमुळती, उभी न राहणारी. ती आडवीच ठेवावी लागे. त्यामुळे बूच ओलं राही आणि गॅस निसटत नसे.

देशी काचेचा आधार इथल्यापेक्षा शेजारच्या मुलखाला आधी मिळाला. लोकवर्गणीच्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला, आणि ओगलेवाडीच्या कारखान्याच्या ‘प्रभाकर’ कंदिलाने पुढे घराघरांत उजेड दिला. हैदराबादेत १९२० मध्ये हकीम मोइझुद्दीन फारुकी यांनी ‘झिंदा तिलिस्मात’ हे युनानी औषध काढलं. त्याची छोटी शिशी निजामी मुलखात घरोघर पोचली. काचेत किंवा लेबलावर उर्दू मजकूर दिसला तर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं त्या १७ सप्टेंबर १९४८ च्या आधीचा हैदराबादशी असलेला संबंध सगळ्यात आधी तपासावा.

आता ओळखण्याबद्दल. साच्याच्या भागांच्या सांध्याची रेघ तोंडापर्यंत न जाता गळ्यातच थांबली, तर तोंड हाताने घडवलेलं असतं. रेघ थेट ओठावरून गेली, तर बाटली यंत्राची. अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांनी पूर्ण स्वयंचलित यंत्र १९०३ मध्ये तयार केलं. तळाशी खडबडीत व्रण असेल, तर फुंकणाऱ्याने बाटली तिथे सळईला धरलेली होती. हिरवट-निळी छटा वाळूतल्या लोखंडामुळे येते. मँगेनीज घातलेली पांढरी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की जांभळी पडते. पण आजकाल किरणांचा मारा करूनही ती जांभळी करतात, तेव्हा गडद, एकसारखा जांभळा रंग पाहून भुलू नये. माझा मुख्य आक्षेप मात्र परदेशी पुस्तकांतले नियम जसेच्या तसे इथे लावण्याला आहे. भारतात हाताने फुंकण्याचं काम यंत्रानंतरही अनेक दशकं चालू राहिलं. त्यामुळे ‘रेघ गळ्यात थांबली, म्हणजे १९०३ च्या आधीची’ असं म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून चार हात लांब राहावं. गोटी सोड्याच्या बाटल्या तर आपल्याकडे अगदी अलीकडेपर्यंत बनत आल्या आहेत.

व्यवहार आजही भंगारवाल्यापासूनच सुरू होतो. मोडलेल्या वाड्याचं सागवान आणि दगड विकले जातात, बाटल्या पोत्यात भरून वजनावर जातात. मधला माणूस त्या ॲसिडने धुऊन चकचकीत करतो. तेल, काजळी, लेबलाचा कागद, गावाचं नाव, सगळं त्यात धुऊन जातं. मला याचं फार वाईट वाटतं. बाटली विकत घ्यायचीच असेल तर न धुतलेली घ्यावी आणि गाव, वाडा, कोनाडा हे त्याच दिवशी लिहून ठेवावं. १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. अशा पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. तेर, पैठणसारख्या ठिकाणी पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची माती उकरून काच शोधणं तर पूर्ण टाळावं. तिथला प्रत्येक तुकडा ज्या थरात पडला आहे, त्या थरासकटच वाचावा लागतो.