स्टॅनफर्ड आणि बर्कली: प्रवेश विद्यापीठात की विषयात?

संगणकशास्त्रासाठी कॅलिफोर्नियातले स्टॅनफर्ड विद्यापीठ घ्यावे की बर्कली, असे विचारणाऱ्या पालकांना बहुधा दर्जाची काळजी असते. ती करूच नये. रिस्क पद्धतीच्या, म्हणजे मोजक्या सोप्या आज्ञांवर चालणाऱ्या, प्रोसेसरवरील कामासाठी बर्कलीचे डेव्हिड पॅटरसन आणि स्टॅनफर्डचे जॉन हेनेसी यांना २०१७चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान, विभागून मिळाला, यावरून काय ते समजावे. स्टॅनफर्ड खासगी आणि बर्कली सरकारी, पहिल्यात दहा आठवड्यांचे सत्र आणि दुसऱ्यात सहामाही, हे बहुतेकांना ठाऊक असतेच.

गल्लत होते ती प्रवेशाची. स्टॅनफर्डमध्ये पदवीचा प्रवेश विद्यापीठात मिळतो, विषयात नव्हे. अर्जात इतिहासाची आवड लिहिलेली मुलगी तिथे ‘सीएस १०६ए’ हा प्रोग्रॅमिंगचा पहिला अभ्यासक्रम करून संगणकशास्त्राकडे वळू शकते. मुख्य विषय ठरवायला दुसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत अवधी असतो आणि त्यासाठी ठरावीक जागांची स्पर्धा नसते. बर्कलीची रीत मात्र आपल्याकडच्या शाखानिहाय प्रवेशाच्या जवळची आहे. पूर्वी तिथे दुसऱ्या विषयातून आलेला विद्यार्थी ६१ए, ६१बी आणि ७० या तीन अभ्यासक्रमांत ४ पैकी ३.३ची सरासरी राखून संगणकशास्त्र घेऊ शकत असे. २०२३ पासून प्रवेश घेणाऱ्यांसाठी हा मार्ग उरलेला नाही: विषय अर्जातच निवडावा लागतो, आणि आत आल्यावर बदलू पाहणाऱ्यांना मोजक्या जागांसाठी पुन्हा अर्ज करून निवड होण्याची वाट पाहावी लागते. तरीही ‘आधी सोप्या विषयातून आत शिरा, मग बदलून घ्या’ हा जुना सल्ला अजून दिला जातो, आणि त्यावर विसंबून मुलांची वर्षे पणाला लावली जातात, याचा मला मनापासून संताप येतो.

बर्कलीत संगणकशास्त्राची पदवी बी.ए. असते, म्हणून ती कमी प्रतीची मानणेही चूक आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयातील ईईसीएसच्या (विद्युत अभियांत्रिकी व संगणकशास्त्र) विद्यार्थ्यांबरोबर, त्याच वर्गांत, तेच वरचे अभ्यासक्रम ही मुले करतात. फरक मुख्यतः गणित-विज्ञानाच्या इतर अटींचा आहे.

विषय पक्का ठरलेला असेल, कुटुंब कॅलिफोर्नियाचे रहिवासी असेल आणि संगणकशास्त्रातच प्रवेश मिळाला असेल, तर कमी शुल्काचे बर्कली मी निःशंक निवडेन. पुण्या-नाशिकहून थेट जाणाऱ्याला तिथे परराज्यातल्यांसाठीचे जादा शुल्क भरावे लागते, आणि आर्थिक गरज पाहून मिळणारी मदतही विद्यापीठाकडून मिळत नाही. ज्याचे मन अजून दोन विषयांत घुटमळते, त्याने स्टॅनफर्ड मिळत असताना बर्कलीत दुसऱ्या विषयाची जागा घेऊ नये.