यीस्ट किण्वनातून सेंद्रिय ॲसिडांचं उत्पादन

साखर, मळी, स्टार्चपासून काढलेलं ग्लुकोज किंवा ग्लिसरॉल यीस्टला खायला घालून मोठ्या फर्मेंटरमध्ये (किण्वनाच्या टाकीत) लॅक्टिक, सक्सिनिक, सायट्रिक, अल्फा-कीटोग्लुटारिक अशी ॲसिडं तयार करायची औद्योगिक पद्धत. बाजारातलं बहुतेक सायट्रिक ॲसिड (आपलं लिंबूफूल) ॲस्परजिलस नायगर या बुरशीपासून येतं आणि लॅक्टिक ॲसिड मुख्यतः बॅक्टेरियापासून, यीस्ट या धंद्यात उशिरा आलं.

यीस्ट ॲसिड बनवतं हे मात्र जुनंच आहे. लुई पास्तर यांनी १८६० मध्ये दाखवलं की दारूच्या किण्वनात १०० भाग साखरेमागे साधारण ०.६ ते ०.७ भाग सक्सिनिक ॲसिड हमखास निघतं. ते येतं कुठून यावर बराच काळ वाद होता. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फेलिक्स एर्लिश यांनी १९०९ च्या सुमारास असं मांडलं की ते साखरेपासून येत नाही, ग्लुटामिक ॲसिड या अमिनो ॲसिडपासून येतं, आणि हे मत पुढे बरीच वर्षं टिकलं. नंतर क्रेब्स चक्र (पेशी अन्नातून ऊर्जा काढते त्या रासायनिक क्रियांची साखळी) समजलं तेव्हा चित्र बदललं, हवा नसताना हे चक्र पूर्ण फिरत नाही, त्याच्या दोन फांद्या होतात आणि ऑक्झॅलोॲसिटेटकडून मॅलेट, फ्युमरेट या मधल्या संयुगांतून सक्सिनेटपर्यंत (म्हणजे सक्सिनिक ॲसिडपर्यंत) जाणारी रिडक्टिव्ह (क्षपणाची) फांदी मुख्य ठरते, असं अलीकडचे प्रयोग सांगतात. माध्यमात ग्लुटामेट (ग्लुटामिक ॲसिडचंच रूप) भरपूर असेल तर एर्लिश यांचं म्हणणंही काही प्रमाणात लागू पडतं, पण एकूण रिडक्टिव्ह फांदीचं मत जास्त पटण्यासारखं आहे. औद्योगिक स्ट्रेन (यीस्टचे खास वाण) बनवणाऱ्यांनीही बऱ्याचदा याच फांदीवर जोर दिलाय.

मग बॅक्टेरिया सोडून यीस्टच का? कारण सामू (पीएच). बॅक्टेरियाला साधारण ५ ते ७ सामू लागतो, म्हणून ॲसिड तयार होईल तसतसा चुना घालत राहावं लागतं, शेवटी हातात ॲसिड येत नाही तर त्याचं कॅल्शियम मीठ येतं, ते फोडायला सल्फ्युरिक ॲसिड घालायचं आणि एक टन लॅक्टिक ॲसिडमागे जवळपास तेवढंच जिप्सम उरतं ज्याचं काय करायचं हा प्रश्नच असतो. यीस्ट सामू ३ च्या आसपासही तग धरतं. लॅक्टिक ॲसिडचा पीकेए (ज्या सामूला निम्मं ॲसिड विघटित झालेलं असतं तो आकडा) ३.८६ आहे, म्हणजे सामू ३ ला सुमारे ८८ टक्के ॲसिड थेट ॲसिडच्याच रूपात असतं, मीठ नाही, त्यामुळे वेगळं करणं सोपं आणि स्वस्त. पण नेमकं हेच रूप पेशीच्या पडद्यातून परत आत शिरतं, आतला सामू जास्त असल्याने तिथे त्याचं विघटन होतं आणि सुटलेला प्रोटॉन बाहेर फेकायला पेशीला एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्चावा लागतो. एका ग्लुकोजमागे मिळतात दोनच एटीपी. म्हणून दारू बनवणं बंद करून फक्त लॅक्टिक ॲसिड बनवायला लावलेलं यीस्ट ऑक्सिजन पूर्ण तोडला की वाढत नाही, थोडी हवा द्यावीच लागते.

असं यीस्ट पहिल्यांदा कोणी बनवलं? संशोधक देकँ आणि बार यांनी फ्रान्समध्ये १९९४ साली लॅक्टोबॅसिलस या बॅक्टेरियाचं लॅक्टेट डिहायड्रोजनेज (लॅक्टिक ॲसिड बनवणारं एन्झाइम) जीन बेकर्स यीस्टमध्ये (पावाच्या यीस्टमध्ये) घातलं, इटलीत पोरो आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये गाईचं घातलं. कालक्रमाने मान पहिल्यांचा, पण त्यांचा रोख दारू आणि लॅक्टिक असं मिश्र किण्वन मिळवण्याकडे होता. उत्पादन पद्धत म्हणून विचार करायचा तर पोरो यांच्या कामापासून सुरुवात धरणं जास्त योग्य.

पुढे कारगिल या अमेरिकन कंपनीने वेगळंच, जास्त ॲसिड सोसणारं यीस्ट निवडलं, पिचिया कुड्रियाव्झेवी. यालाच इसाचेन्किया ओरिएंटॅलिस म्हणत, आणि २०१८ मध्ये जीनोमच्या (संपूर्ण जनुकसंचाच्या) तुलनेतून पक्कं झालं की दवाखान्यात संसर्ग करणारं, फ्लुकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाला दाद न देणारं कँडिडा क्रुसेई ही हीच जात आहे. कारखान्यात सुरक्षित धरलेलं आणि रुग्णाला धोकादायक असलेलं यीस्ट एकच निघालं, तेव्हा स्ट्रेन निवडताना ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही.

सक्सिनिक ॲसिडसाठी रिव्हर्डिया या कंपनीने इटलीत कासानो स्पिनोला इथे २०१२ मध्ये बेकर्स यीस्टवर वर्षाला १०,००० टनांचा प्लांट चालू केला, बायोॲम्बरने कॅनडात सार्निया इथे २०१५ मध्ये ३०,००० टनांचा, तो कारगिलच्या यीस्टवर. बायोॲम्बर २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. कच्चं तेल स्वस्त झालं हे कारण नेहमी दिलं जातं, पण सक्सिनिक ॲसिडची मागणीच मुळात कमी होती हेही तितकंच खरं.

सायट्रिक ॲसिडसाठीचं यीस्ट म्हणजे यारोविया लिपोलिटिका (आधीचं कँडिडा लिपोलिटिका). १९६० च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये पेट्रोलियमच्या पॅराफिनवर याचं काम जोरात झालं, तेल महागलं आणि ते मागे पडलं. नायट्रोजन संपला की पेशीतलं एएमपी (एटीपीसारखाच एक रेणू) घटतं, त्यामुळे आयसोसायट्रेट डिहायड्रोजनेज हे क्रेब्स चक्रातलं एन्झाइम मंदावतं आणि सायट्रेट साठून बाहेर पडतं. सोबत आयसोसायट्रिक ॲसिडही येतं, पॅराफिनवर जास्त, ही याची मोठी अडचण. थायमिन (व्हिटॅमिन बी१) कमी ठेवलं तर अल्फा-कीटोग्लुटारिक मिळतं. या यीस्टला इन्व्हर्टेज (उसाची साखर फोडणारं एन्झाइम) नसल्याने उसाची साखर थेट खाता येत नाही, म्हणजे मळीवर चालवायचं तर बेकर्स यीस्टचं इन्व्हर्टेज बनवणारं एसयूसी२ जीन घालावं लागतं किंवा साखर आधी फोडून द्यावी लागते. पुण्याच्या एनसीआयएम या सूक्ष्मजीव संग्रहातला यारोवियाचा ३५८९ क्रमांकाचा स्ट्रेन मुंबईजवळच्या तेलाने खराब झालेल्या समुद्राच्या पाण्यातून वेगळा केलेला, त्याच्यावर अननसाच्या चोथ्यापासून सायट्रिक ॲसिड मिळवायचे प्रयोग झालेत.