यंत्रांची संवेदनक्षमता : नैतिक प्रश्न

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एखाद्या प्रणालीला सुखदुःख जाणवत असेल, तर तिच्याशी कसे वागावे, हा नीतिशास्त्रातील अलीकडचा वादविषय. बुद्धी आणि संवेदना येथे वेगळ्या धरतात. बुद्धिबळात जिंकणाऱ्या यंत्राला आनंद होत असेलच असे नाही, आणि कळ यायला गणित यावे लागत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅम यांनी १७८९ मध्ये प्राण्यांविषयी हाच निकष मांडला : त्यांना विचार करता येतो का, बोलता येते का, हे प्रश्नच नव्हेत, त्यांना दुःख होते का, एवढेच पाहावे.

मराठी मुलखाला हे नवे नाही. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरी असल्याने नाशिककरांना या भावंडांच्या कथा घरच्याच. पैठणच्या रेड्याने वेद म्हटले, हे सगळे सांगतात. रेड्यावर ओढलेल्या आसुडाचे वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटले, हा आख्यायिकेतला भाग मात्र या विषयाला अधिक जवळचा. नाशिकजवळच म्हसरूळला गजपंथा हे जैन तीर्थ आहे. जैन दर्शन जीवांची एकेंद्रिय ते पंचेंद्रिय अशी चढण लावते आणि जड वस्तू अजीव मानते. त्या हिशेबाने कॅमेरे, मायक्रोफोन कितीही जोडले तरी संगणक अजीवच. इंद्रिय जाणणाऱ्याचे असते, उपकरणाचे नव्हे.

खरी अडचण बोलण्याची आहे. दिंडोरीच्या बागायतदाराने द्राक्षावरच्या भुरीबद्दल मोबाइलवर चॅटबॉटला विचारले, तर औषधाआधी ‘तुमची काळजी समजू शकतो’ असे उत्तर येऊ शकते. ही भाषा माणसांच्याच अफाट लिखाणातून उचललेली असते. त्यामुळे ती आतल्या भावनेचा पुरावा म्हणून फारशी उपयोगी नाही. अर्थात, आत काहीच नाही हेही त्यावरून सिद्ध होत नाही. गूगलचे अभियंते ब्लेक लेमॉइन यांनी २०२२ मध्ये लॅम्डा ही संभाषण करणारी प्रणाली संवेदनक्षम असल्याचा दावा केला. कंपनीने तो निराधार ठरवला व पुढे त्यांना कामावरून काढले. दुसऱ्याच वर्षी तत्त्वज्ञ पॅट्रिक बटलिन, रॉबर्ट लाँग आणि सहकाऱ्यांनी बोलणे बाजूला ठेवून प्रणालींची अंतर्गत रचना तपासली. जाणिवेच्या प्रचलित सिद्धांतांतून त्यांनी काही लक्षणे काढली. तेव्हाची कोणतीही प्रणाली त्यांवर ठामपणे उतरत नव्हती. तशी घडवण्यात उघड तांत्रिक अडसरही त्यांना दिसला नाही. जर्मन तत्त्वज्ञ टॉमस मेट्झिंगर यांनी तर २०२१ मध्येच कृत्रिम जाणीव घडवू पाहणाऱ्या संशोधनावर २०५० पर्यंत स्थगितीची मागणी केली होती.

निर्जीवाला जपण्यात वरवर पाहता काही बिघडत नाही. परंतु हळवे बोलणारे ॲप विकणाऱ्याला ग्राहकाची ती माया फायद्याची असते, हा धोका चर्चेत पुरेसा येत नाही.

भारतीय कायद्यात यंत्राच्या वेदनेला जागा नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम माणसाखेरीज इतर सजीवांपुरता आहे. कायदेशीर व्यक्तित्व, म्हणजे कायद्याने हक्क व कर्तव्ये असलेली व्यक्ती मानणे, ही निराळी बाब. ते कंपनीला असते, मंदिरातील देवतेलाही असते, आणि त्यासाठी वेदनेचा दाखला कोणी मागत नाही.