दोन डोस, चौदा दिवस आणि लोकलचा पास

साथ आली की रेल्वेच्या प्रवाशाला अडवायचा अधिकार सरकारकडे १८९७ पासून आहे. प्लेगच्या वेळी केलेल्या साथरोग कायद्यातच रेल्वेने येणाऱ्या-जाणाऱ्यांची तपासणी आणि संशयितांना वेगळं ठेवणं लिहिलेलं आहे. तेव्हा ताप आहे का, काखेत गाठ आहे का ते बघायचे. २०२१ मधे कोरोनाच्या साथीत मुंबईच्या लोकलला बघितलं गेलं लशीचं सर्टिफिकेट, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

मार्च २०२० मधे लोकल थांबली. १५ जूनला फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाली. ऑक्टोबरमधे बायकांना सकाळी ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ नंतर परवानगी मिळाली, तीही राज्य आणि रेल्वे यांच्यात पत्रापत्री होऊन चार दिवस उशिरा. १ फेब्रुवारी २०२१ पासून सगळ्यांना, पण सकाळी ७ च्या आत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. आता ज्याला १० वाजता दुकानाचं शटर उघडायचंय त्याने सातच्या आत येऊन तीन तास फुटपाथवर बसायचं, आणि खूप जण तसे बसलेही. एप्रिलमधे दुसरी लाट आली आणि लोकल परत फक्त अत्यावश्यक सेवेपुरती.

मग ८ ऑगस्टच्या रविवारी रात्री घोषणा झाली की १५ ऑगस्टपासून दोन्ही डोस घेतलेल्यांना लोकल खुली, दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस झालेले हवेत. चौदा दिवसांचा हिशोब वैद्यकीय दृष्टीने बरोबरच होता, प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. घोळ कॅलेंडरचा होता. १८ ते ४४ वयाचं लसीकरण कागदोपत्री १ मे ला सुरू झालं, पण डोस नाहीत म्हणून राज्याने ते थोड्याच दिवसांत थांबवलं आणि १८ च्या पुढच्या सगळ्यांसाठी परत उघडलं ते २२ जूनच्या आसपास. मधल्या काळात, १३ मे ला, कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं गेलं. म्हणजे २२ जूनला पहिल्याच दिवशी रांगेत उभं राहून डोस घेतलेल्या पंचविशीतल्या पोराला दुसरा डोस मिळणार १४ सप्टेंबरला, आणि लोकलमधे पाय ठेवता येणार २८ सप्टेंबरला. कोविशील्ड घेऊन त्याने काहीही केलं असतं तरी १५ ऑगस्ट त्याला गाठता येणार नव्हता. कोव्हॅक्सिन या दुसऱ्या लशीला चार आठवडेच लागायचे, पण खाजगी हॉस्पिटलात ती मिळाली तर कमाल दर १४१० रुपये, एका डोसचा. पन्नाशीतले साहेब पात्र झाले, त्यांच्या ऑफिसात चहा देणारा पोरगा नाही. आणि लॅपटॉपवर काम करणारे आमच्यासारखे आयटीवाले तर घरीच होते, आम्हाला पास असून नसून सारखाच.

यात आणखी एक गंमत, म्हणजे गंमत कसली. बेस्टची बस ७ जूनपासूनच सगळ्या सीटा भरून चालत होती आणि तिथे कोणी डोस विचारत नव्हतं. डोंबिवलीच्या माणसाला बस हा पर्याय नाही, त्यामुळे अट लागली ती नेमकी लांब राहणाऱ्याला.

पास मिळवायची पद्धत दोन प्रकारची. एक ऑनलाइन, कोविनला (लसीकरणाच्या सरकारी पोर्टलला) दिलेला मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी, फोटो, मग एसएमएसवर क्यूआर कोडची लिंक. दुसरी, मुंबई आणि आसपासच्या १०९ स्टेशनांवर पालिकेची टेबलं, तिथे सर्टिफिकेटची झेरॉक्स आणि फोटो असलेलं ओळखपत्र दाखवायचं, तो माणूस झेरॉक्सवर शिक्का मारणार, आणि तो शिक्का खिडकीत दाखवला की महिन्याचा पास. साधं एकवेळचं तिकीट नाहीच. एका दिवसासाठी केईएम हॉस्पिटलला जायचं असलं तरी महिन्याचा पास काढा! ऑक्टोबरच्या शेवटी तिकीट मिळायला लागलं आणि रेल्वेच्या यूटीएस ॲपवर नोव्हेंबरमधे. साहजिकच खोट्या सर्टिफिकेटांचा धंदाही झाला.

मुंबई हायकोर्टात मुद्दा गेला तेव्हा याचिकाकर्त्यांचं म्हणणं होतं की लस घेतलेल्यालाही डेल्टा, म्हणजे कोरोनाचा तेव्हाचा प्रकार, होतो आणि त्याच्याकडून पसरतो, मग हा भेद कशाला. त्यावर दोन्हीकडून बोलण्यासारखं होतं, लस घेतलेला माणूस गंभीर आजारी पडण्याची शक्यता बरीच कमी होती हे खरंच. पण सरकार अडकलं वेगळ्याच जागी. आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे असा निर्णय राज्याच्या कार्यकारी समितीने घ्यायचा असतो, आणि ऑगस्टच्या आदेशांवर तेव्हाच्या मुख्य सचिवांची एकट्याची सही, समितीची बैठक झाल्याची नोंदच नाही. फेब्रुवारी २०२२ मधे कोर्टाने हे सरळ सुनावल्यावर सरकारने आदेश मागे घेतो म्हणून सांगितलं आणि १ मार्चला नवीन आदेश काढला, त्यात परत तीच अट! कोर्टाने नाराजी बोलून दाखवली.

शेवटी गुढीपाडव्याच्या तोंडावर राज्याने सगळेच निर्बंध उठवले आणि अटही त्यातच गेली. २ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने वेगळ्या प्रकरणात सांगितलं की लस न घेतलेल्यांवरचे सार्वजनिक ठिकाणचे निर्बंध प्रमाणाबाहेरचे आहेत, रुग्ण कमी असेपर्यंत ते मागे घ्या. मुंबईत तोवर मागे घ्यायला काही उरलंच नव्हतं.