धोंडाला उधारी का मिळते?

आमच्या गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका पसऱ्यावर, म्हणजे किराणा दुकानावर, ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी माझ्या लहानपणापासून टांगलेली आहे. हल्ली तिच्या खाली क्यूआर कोडही आला आहे. वैशाख शुद्ध पंचमी जवळ आली की मात्र त्या पाटीला कुणी विचारत नाही. ते शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेचे दिवस. गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांची माळ आणि हातात रंगीत गोंड्यांचा वेत घेतलेला धोंड, म्हणजे देवीचे व्रत घेतलेला भक्त, पसऱ्यावर येतो, तांदूळ, गूळ, नारळ पिशवीत भरतो आणि ‘मागीर दितां’ (नंतर देतो) म्हणून निघतो. पसरकार मान डोलावतो. एकदा मी विचारले, ओळखता का त्याला? तो म्हणाला, “धोंड तो. फटोवचो ना.”

फसवणार नाही! माणूस कुठला, काय करतो, मागची बाकी किती, यातले काहीच ठाऊक नाही. दिसला तो फक्त वेत. वेतापासून उधारीपर्यंतची ही उडी मानसशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ गेली काही वर्षे बारकाईने अभ्यासत आहेत. एखादा माणूस श्रद्धाळू आहे एवढे कळले की आपण त्याच्याबद्दल आणखी काय काय गृहीत धरतो, असा त्यांचा प्रश्न आहे. देव आहे की नाही या वादात ते पडत नाहीत, आणि या लेखापुरते आपणही पडायला नको.

धोंड होणे सोपे नाही. जत्रेआधी काही दिवस शिवराक (शाकाहारी) जेवण, सोवळे, पुन्हा पुन्हा अंघोळ, घरापासून लांब इतर धोंडांबरोबर मुक्काम. शेवटी पहाटे होमखणाच्या, म्हणजे जत्रेत पेटवलेल्या मोठ्या होमाच्या, निखाऱ्यांतून चालायचे. आमोत्झ झहावी या इस्रायली जीवशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मोराच्या पिसाऱ्याबद्दल मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. पिसारा जड, अडचणीचा, शत्रूच्या नजरेत भरणारा. म्हणूनच तो विश्वासार्ह: मरतुकड्या मोराला तो पेलवणारच नाही. स्वस्तात मिळणारी खूण कुणीही लावील. महाग पडणारी खूण खोटी लावणे परवडत नाही. रिचर्ड सोसिस या मानववंशशास्त्रज्ञाने हे तत्त्व माणसांच्या वसाहतींवर ताडून पाहिले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत स्थापन झालेल्या ८३ सामुदायिक वसाहतींचा त्याने एका सहकाऱ्याबरोबर अभ्यास केला. धार्मिक वसाहतींमध्ये जिथे खाण्यापिण्याची, कपड्यांची, पैशाची बंधने जास्त, त्या वसाहती जास्त वर्षे टिकल्या. निधर्मी वसाहतींत मात्र बंधने वाढवून आयुष्य वाढले नाही. हा फरक का पडला, यावर अजून वाद चालू आहे.

शिरगावला सर्वांत जवळचा अभ्यास तमिळनाडूत झाला आहे. एलिनॉर पॉवर ही मानववंशशास्त्रज्ञ तिथल्या दोन गावांत दीर्घकाळ राहिली. या गावांत हिंदूही आहेत आणि ख्रिस्तीही. कोण नियमाने देवळात किंवा चर्चमध्ये जातो, कोण निखाऱ्यांवरून चालतो, कोण अंगात सळ्या टोचून घेतो याची तिने नोंद केली. मग गावकऱ्यांना विचारले, तुमच्यात भाविक कोण? कष्टाळू, उदार, चांगला सल्ला देणारा कोण? २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. धार्मिक आचारात जास्त गुंतलेली माणसे लोकांना जास्त भाविक वाटत होती, हे अपेक्षितच. पण तीच माणसे उदार, कष्टाळू आणि सल्ला विचारण्याजोगीही वाटत होती. निखाऱ्यांवर चालण्याचा आणि चांगला सल्ला देण्याचा तसा काय संबंध? तरीही लोक तो जोडतात, आमचा पसरकार जोडतो तसाच. आणि फक्त वर्षातून एकदा घडणारे नाट्यच नव्हे, रोजची मुकाट पूजाही लोकांच्या हिशेबात धरली जाते. गाव कुणाकुणाकडे बघत असते, हे गावात राहिलेल्याला सांगायला नको.

आता दुसरी बाजू. वेतवाल्याला विश्वास आपोआप मिळत असेल, तर देव न मानणाऱ्याच्या वाट्याला काय येते? हे थेट विचारून कळत नाही. लोक सभ्य उत्तर देतात. म्हणून विल जर्व्हे, अझीम शरीफ आणि आरा नोरेनझायन यांनी २०११ मध्ये एक आडवाट काढली. एक माणूस गाडी मागे घेताना उभ्या गाडीला धडक देतो आणि पत्ता न ठेवता सटकतो. पुढे त्याला पडलेले पाकीट सापडते, तर त्यातले पैसे काढून घेतो. तो शिक्षक असण्याची शक्यता जास्त, की शिक्षक आणि नास्तिक असण्याची? गणित सरळ आहे. ‘शिक्षक आणि नास्तिक’ हे सगळे ‘शिक्षक’ या गटातच मोडतात, तेव्हा पहिली शक्यता कधीच कमी असू शकत नाही. तरी पुष्कळांनी दुसरी निवडली. ‘नास्तिक’च्या जागी ‘मुसलमान’ किंवा ‘ख्रिस्ती’ घातले की ही चूक खूपच कमी होत असे. ‘बलात्कारी’ घातले की जवळपास नास्तिकाइतकीच होत असे. गणित चुकते ते चित्र मनात आधीच तयार असल्यामुळे.

हा अमेरिकेचाच रोग असेल असे मला आधी वाटले होते. २०१७ मध्ये याच पद्धतीने १३ देशांत तीन हजारांहून अधिक लोकांची चाचणी झाली, त्यात भारतही होता. या वेळी गोष्टीतला माणूस लहानपणी प्राण्यांचे हाल करणारा आणि मोठेपणी खून करणारा होता. असा माणूस श्रद्धाळू असेल यापेक्षा नास्तिक असेल, हा अंदाज लोकांनी साधारण दुपटीने जास्त केला. आणि चक्क नास्तिकांनीही नास्तिकांबद्दल असाच अंदाज केला.

यामागचे कारण संशोधक सांगतात ते आपल्याकडे आजी सांगायची: देव वरून बघतो. ज्याच्यावर कुणाची तरी सतत नजर आहे तो वावगे वागणार नाही, असा हिशेब. म्हणूनच एक मजेशीर गोष्ट घडते. पोलीस चांगले काम करतात अशी आठवण आधी करून दिली, की श्रद्धाळूंचा नास्तिकांवरचा अविश्वास कमी होतो. नजर ठेवायला कुणीतरी आहे ना, मग चालेल! प्यू या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेने ३४ देशांत विचारले होते, चांगले वागायला देव मानणे आवश्यक आहे का? इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये ९६ टक्के लोक हो म्हणाले, स्वीडनमध्ये ९ टक्के.

देव आपलाच हवा का? गोव्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. २०११ च्या जनगणनेनुसार इथे ६६ टक्के हिंदू, २५ टक्के ख्रिस्ती आणि ८ टक्के मुसलमान आहेत, आणि लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण (मेरी माता) या तर बहिणी मानल्या जातात. आमच्याकडे भक्ती मोजायचे माप म्हणजे मासळी. श्रावणात ताटात बांगडा नसणारा शेजारी आणि कोरेज्मात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, मांस सोडणारा शेजारी, दोघांची व्रते दोघांनाही कळतात. माझी आई शेजारच्या कॅथलिक बाईंबद्दल ‘भारी देवभक्त’ असे आदराने म्हणायची. २०१५ मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत हेच दिसले: आपल्या धर्माचे खाण्याचे नियम पाळणारा मुसलमान ख्रिस्ती सहभागींना न पाळणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटला. व्रत परके, पण त्याची किंमत ओळखीची.

या मोठेपणाला कुंपण आहे, हेही सांगितले पाहिजे. प्यूनेच भारतात सुमारे ३० हजार लोकांशी बोलून २०२१ मध्ये अहवाल दिला. खरा भारतीय असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर फार महत्त्वाचा, असे ८४ टक्के म्हणाले. त्याच अहवालात ३६ टक्के हिंदूंना मुसलमान शेजारी नको होता. पणजीत भाड्याने खोली शोधताना ‘तुम्ही शिवराक का?’ हा प्रश्न ज्याला विचारला गेला आहे, त्याला हे दोन आकडे एकत्र कसे नांदतात ते ठाऊक असते.

चांगुलपणाचे झाले, आता हुशारीचे. दुसऱ्याला जोखताना आपण मुख्यतः दोन गोष्टी पाहतो, जिव्हाळा आणि कुवत. अमेरिकेत श्रद्धाळू माणसाला पहिल्या तराजूत झुकते माप मिळते. दुसऱ्यात, निदान विज्ञानाच्या बाबतीत, ते काढून घेतले जाते. ख्रिस्ती लोक विज्ञानात कच्चे, या समजाची आठवण दिली की ख्रिस्ती सहभागींची वैज्ञानिक तर्काच्या चाचणीतली कामगिरी खरोखरच घसरते, आणि समज बाजूला केला की फरक उरत नाही, असे २०१५ मध्ये आढळले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी १९४५ चा एक पुतळा आहे: झगा घातलेला पाद्री हात पसरून वाकलेला, समोर कोसळणारी बाई. तिथे ‘हा भूत काढतोय बहुतेक’ असे एक पर्यटक आपल्या मुलाला समजावताना मी ऐकले आहे. तो पाद्री म्हणजे १७५६ मध्ये कांदोळीत जन्मलेले आबे फारिया. संमोहन चुंबकीय द्रवामुळे होते असे सारा पॅरिस मानत असताना, ते समोरच्याच्या मनात, सूचनेतून घडते असे त्यांनी सांगितले. झगा दिसला की भूत आठवते, विज्ञान आठवत नाही.

बरे, पसरकाराचा अंदाज खरा ठरतो का? १९७३ मध्ये डार्ली आणि बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत प्रिन्स्टनच्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या विद्यालयातल्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवले. काहींचा विषय होता बायबलमधला चांगला शोमरोनी, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणारा. वाटेत एक माणूस कण्हत बसवून ठेवला होता. वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले, फार उशीर झालेल्यांपैकी १० टक्के. भाषण शोमरोन्यावर आहे की आणखी कशावर, माणूस कोणत्या भावनेने धार्मिक आहे, याने थांबण्या-न थांबण्यात फारसा फरक पडला नाही. पुढच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या ल्यूक गेलन यांचेही मत असेच, की श्रद्धाळूंच्या परोपकाराची ख्याती प्रत्यक्ष परोपकारापेक्षा मोठी आहे.

हे सगळे मी गेल्या मे महिन्यात पसरकाराला जमेल तसे सांगितले. त्याने हसून वही उघडली आणि मागचे पान दाखवले. दोन बाक्या, सहा-सात वर्षांपूर्वीच्या, दोन्ही धोंडांच्या.

“मग?” मी विचारले.

“ते खरे धोंड न्हय,” तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी गूळ फोडायला घेतला.